गेन पूर्ण उघडा, तरी आवाज बारीकच

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात गुरुवार हा सुट्टीचा वार. विजेचा सगळा भार एकाच वेळी अंगावर येऊ नये म्हणून उद्योगांच्या साप्ताहिक सुट्ट्या वारांत वाटल्या गेल्या, त्यात इथल्या वाट्याला गुरुवार आला. मोठ्या कंपन्यांची वेळापत्रकं आता वेगळी असली, तरी अनेक लहान-मध्यम कारखान्यांत तो अजून टिकून आहे. त्या दिवशी पत्रा ठोकणारे प्रेस थांबतात, कंपनीच्या बसगाड्या कमी धावतात, आणि मोशी-चिखलीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कपाटावर गोधडी लटकवून कुणीतरी माइकसमोर बसतं. कुणी आळंदीला कीर्तन शिकून आलेला असतो, कुणी पाळी संपवून पॉडकास्ट करणारा इंजिनिअर, कुणी यूट्यूबवर हार्मोनियमचे धडे टाकणारी शिक्षिका. टेबलावर लॅपटॉप, शेजारी तळहाताएवढा ऑडिओ इंटरफेस. आणि तक्रार ठरलेली: "लेव्हलच येत नाही." गेनचा नॉब पार उजवीकडे फिरवला, तरी पडद्यावरची हिरवी पट्टी तळाशीच लोळते.

यावर दुकानात आणि मित्रमंडळीत एकच औषध सांगितलं जातं. याहून महाग इंटरफेस घे, नाहीतर मध्ये बूस्टर लाव. हे औषध क्वचितच लागू पडतं. आवाज बहुतेक वेळा इंटरफेसमध्ये शिरण्याआधीच हरवलेला असतो: तोंड आणि माइक यांच्यामधल्या अंतरात, चुकीच्या पिनेत किंवा चुकीच्या सॉकेटमध्ये. काही वेळा तर तो हरवलेलाच नसतो, पाहणारा भलत्याच आकड्याशी तुलना करत असतो.

तक्रार मात्र ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा माइक नव्हता, गेन नव्हता, वीजही नव्हती. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालायचं आणि आवाजाच्या जोरावर सुईने मेणात चर कोरायची. गळा बारीक असेल तर चर उथळ, आणि त्यावर इलाज एकच: पुढे सरका, मोठ्याने गा. १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण आलं आणि कुजबुजही मोठी करता येऊ लागली. तिथून पुढे जवळ जाण्याऐवजी नॉब फिरवायची सवय लागली, ती आजतागायत सुटलेली नाही.

माइकमधून निघतं तरी किती? ध्वनिशास्त्रात १ पास्कल दाब म्हणजे ९४ डेसिबल. बराच मोठा आवाज. एवढ्या आवाजाला शुअर एसएम५८ हा जगभरच्या रंगमंचांवर दिसणारा डायनॅमिक माइक १.८५ मिलिव्होल्ट देतो. साध्या बोलण्याचा आवाज मीटरभर अंतरावर साठ डेसिबलच्या आसपास असतो, वीतभर अंतरावर त्र्याहत्तरच्या आसपास. म्हणजे वीतभर अंतरावरून बोललं, तर एसएम५८ च्या तारेत मिलिव्होल्टचा जेमतेम सहावा भाग येतो. याची जाणीव चाकणच्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना लगेच होईल. वजन मोजणाऱ्या लोडसेलला दहा व्होल्ट दिले आणि त्याची संवेदनशीलता व्होल्टमागे दोन मिलिव्होल्ट असेल, तर पूर्ण भाराला तो वीस मिलिव्होल्ट देतो. हा सिग्नल नाजूक म्हणून त्याची वायर पिळाची आणि शिल्डची घेतात, मोटरच्या केबलपासून लांबून नेतात. माइकचा सिग्नल त्याच्याही शंभरपटीहून बारीक आहे. तरी तोच माणूस घरी आल्यावर माइकची वायर लॅपटॉपच्या चार्जरभोवती गुंडाळून ठेवतो.

कारखान्यात हा माणूस बिघाड शोधताना सेन्सरपासून सुरू करतो आणि एकेक टप्पा तपासत पॅनेलपर्यंत येतो. घरी मात्र तो थेट पॅनेलच बदलायला निघतो. वाहनांचा आवाज मोजणारे लोक मोजणीआधी माइकवर कॅलिब्रेटर चढवतात. त्यातून एक किलोहर्ट्झचा, बरोबर ९४ डेसिबलचा सूर येतो. आकडा जुळला की माइकपासून संगणकापर्यंतची सगळी साखळी ठीक. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली आणि आता चाकणमध्येही केंद्र असलेली एआरएआय ही संस्था गाड्यांच्या आवाजाचं आणि कंपनांचं मोजमाप करते, त्यामुळे ही पद्धत या भागात काही परकी नाही. घरी कॅलिब्रेटर नसतो, पण मोबाइल असतो. ठरावीक क्लिप, ठरावीक आवाज, माइकपासून वीतभर अंतर, नॉब मध्यावर. आकडा लिहून ठेवायचा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आधी वायर, मग सॉकेट, मग माइक. घोटाळा कुठे आहे ते अर्ध्या तासात कळतं.

त्याही आधी एक टिचकी. माइकच्या जाळीवर नखाने हलकेच टिचकी मारायची, मग लॅपटॉपच्या काठावर. लॅपटॉपच्या टिचकीला पडद्यावरची पट्टी जास्त उसळली, तर रेकॉर्डिंग इंटरफेसमधून होतच नाहीये. सॉफ्टवेअरने लॅपटॉपचा स्वतःचा माइक धरलेला आहे. माणूस बोलतो महागड्या माइकमध्ये आणि मुद्रित होतो दोन हात लांबच्या टिकलीएवढ्या छिद्रातून. आवाज बारीक, खोलीत घुमणारा. हा प्रकार इतका सर्रास आहे की बाकी काहीही तपासण्याआधी हे पाहावं. मोबाइललाही हाच रोग आहे. त्याच्या ३.५ मिलिमीटरच्या सॉकेटला चार कड्यांची पिन लागते. तीन कड्यांची पिन घुसवली की फोनला माइक लागल्याचं कळतच नाही आणि तो मुकाट्याने आपल्याच माइकवर चालत राहतो.

आता पिनांकडे. पट्ट्यातल्या घरगुती स्टुडिओंचा पहिला माइक बरेचदा मंडपातून आलेला असतो. भजनी मंडळाचा, शाळेचा, गणेशोत्सव मंडळाचा. आहुजासारख्या कंपन्यांचे असे माइक अॅम्प्लिफायरला लावायचे असतात, म्हणून त्यांच्या वायरीला माइकच्या टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला मोठी मोनो पिन, साउंडवाल्यांच्या भाषेत पी-३८, असते. इंटरफेसवरचं सॉकेट संयुक्त असतं. त्यात दोन्ही बसतात, आणि घोळ इथेच होतो. एक्सएलआर लावला तर सिग्नल माइकच्या वाटेने जातो, मोठी पिन लावली तर लाइनच्या. लाइनची वाट किबोर्ड, मिक्सर अशा दणकट सिग्नलसाठी असते. फोकसराइटच्या स्कार्लेट २आय२ या लोकप्रिय इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीचे आकडे पाहावेत: माइकची वाट कमाल ९ डीबीयूपर्यंत (हे व्होल्टेजचं डेसिबलमधलं माप) झेलते, लाइनची २२ डीबीयूपर्यंत. नॉब तेवढाच फिरवलेला असताना लाइनमध्ये १३ डेसिबल कमी मिळतात, म्हणजे व्होल्टेज चौथाईच्याही खाली. वर मोनो पिनेमुळे वायर अनबॅलन्स्ड होते आणि वाटेतली सगळी घूं-घूं आत घेते. इलाज दोन-पाचशे रुपयांचा आहे: दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली वायर.

कन्व्हर्टरची माळ हा याचाच मोठा भाऊ. पुण्यात बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीत हवी ती पिन हव्या त्या पिनेत बदलून मिळते. एक्सएलआरची पी-३८, पी-३८ ची छोटी, छोटीची ओटीजी. प्रत्येक सांध्याला संपर्क सैल, आणि मुख्य म्हणजे कुठलं कडं कुठे गेलं याचा हिशेब राहत नाही. यातला एक घोटाळा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तो ऐकणाऱ्याला वेड लावतो.

एक्सएलआरच्या दोन आणि तीन नंबरच्या पिनांवर एकच आवाज उलटसुलट जातो. एकीवर दाब वाढतो तेव्हा दुसरीवर घटतो. बॅलन्स्ड इनपुट या दोहोंची वजाबाकी करतं. त्यात आवाज टिकतो आणि वाटेत दोन्ही तारांवर सारखीच चढलेली घूं-घूं कटते. हीच वायर तीन कड्यांच्या छोट्या पिनेत बदलून लॅपटॉपच्या किंवा कॅमेऱ्याच्या स्टिरिओ सॉकेटमध्ये लावली, की पहिली तार डाव्या कानाला जाते, दुसरी उजव्याला. हेडफोनवर आवाज येतो, थोडा पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा. कीर्तनाचा व्हिडिओ तयार होतो, चढवला जातो. मग कुणीतरी तो एकाच स्पीकरच्या ब्लूटूथ डब्यावर लावतं, डावा-उजवा एकत्र मिसळतो, उलट आणि सुलट एकमेकांना खाऊन टाकतात. बुवा हातवारे करताना दिसतात, आवाज नाही. मिक्सरचा एक्सएलआर थेट कॅमेऱ्याच्या छोट्या सॉकेटला जोडणाऱ्या व्हिडिओवाल्यांकडून हे अनेकदा होतं. मुद्रण झालेलं असेल तरी वाचवता येतं: संपादनात एक चॅनेल काढून टाकायचं आणि उरलेलं दोन्हीकडे द्यायचं. गेन वाढवून मात्र हे कधीच सुटणार नाही.

वायर तुटलेली असेल तर लक्षण वेगळं. दोनपैकी एक तार आतून सुटली, की आवाज लहान तर होतोच, शिवाय पत्र्यासारखा पातळ होतो, खर्ज गायब होतो, वर हम चढतो. या पट्ट्यात मल्टिमीटर नसलेलं घर शोधावं लागेल. मोरवाडीला महापालिकेची स्वतःची आयटीआय आहे, दर गल्लीत एक इलेक्ट्रिशियन आहे. कंटिन्यूइटीवर ठेवून एक-एक, दोन-दोन, तीन-तीन नंबर तपासायचे आणि तपासताना वायर पिनेपाशी हलवत राहायची, कारण तुटलेली तार सरळ ठेवल्यावर हटकून जुळलेली दाखवते.

कंडेन्सर माइकची कथा ४८ व्होल्टांपासून सुरू होते. या माइकला बाहेरून वीज लागते. हा आकडा कुठून आला याची गोष्ट मजेदार आहे. १९६६ च्या सुमारास नॉयमन या जर्मन कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी ट्रान्झिस्टरचा माइक बनवला. तिथल्या स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टांची सोय आधीच होती. तीच माइकला देऊ असं ठरलं, आणि आज ते सगळ्या जगाचं मानक आहे. इंटरफेसवर '४८ व्ही' असं लिहिलेलं बटण असतं. काही स्वस्त इंटरफेसवर ते मागच्या बाजूला असतं आणि म्हणून महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. ही वीज फक्त एक्सएलआरच्या वाटेने मिळते. बीएम-८०० या नावाने विकले जाणारे स्वस्त कंडेन्सर छोट्या पिनेच्या वायरीसह येतात. ती वायर कन्व्हर्टर लावून इंटरफेसमध्ये घातली, तर बटण दाबूनही माइकपर्यंत वीज पोचत नाही, आवाज मेलेला. चार उपकरणं लटकलेल्या, बाहेरून वीज नसलेल्या यूएसबी हबला इंटरफेस लावला, किंवा मोबाइलला ओटीजीने जोडला, तरी वीज अपुरी पडू शकते. लॅपटॉपच्या सॉकेटात थेट लावून पाहावं.

आणि माइकची तोंडं. स्टुडिओतले बरेच कंडेन्सर बाजूने ऐकतात, टोकाने नाही. टोकाकडे तोंड करून गायलं, किंवा माइक पाठमोरा ठेवला, तर कार्डिऑइड माइक तेच करतो ज्यासाठी तो बनवला आहे: मागचा आवाज दाबतो. सहसा कंपनीचं चिन्ह असलेली बाजू ही समोरची बाजू. माइकच्या अंगावरचं, दहा किंवा वीस डेसिबल कापणारं पॅडचं बटण चालू राहिलंय का, तेही याच वेळी बघून घ्यावं.

इथवरची सगळी कारणं ठीक निघाली, तरी नॉब पूर्ण उघडावा लागतोय, अशी एक मोठी जमात उरते. तिच्यातले पुष्कळ जण शुअर एसएम७बीचे मालक असतात. या माइकचा मूळ अवतार १९७३ चा. १९८२ च्या 'थ्रिलर'मध्ये मायकेल जॅक्सनचा आवाज एसएम७ वर मुद्रित झाला, आणि पुढे पॉडकास्टवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. पडद्यावर पाहून तो मागवला जातो आणि घरी आल्यावर कळतं की तो एसएम५८ पेक्षाही मंद आहे: १ पास्कलला १.१२ मिलिव्होल्ट. शुअर स्वतःच किमान ६० डेसिबल गेन हवा असं सांगते. त्याच्या समोर स्कार्लेटच्या तिसऱ्या पिढीचा गेन ५६ डेसिबल. या चार डेसिबलच्या खड्ड्यावर एक सबंध बाजार उभा राहिला. क्लाउडलिफ्टर हा बूस्टर २५ डेसिबलपर्यंत उचलतो, फेटहेड २७. २०२३ मध्ये शुअरने माइकच्याच पोटात प्रीअॅम्प असलेला एसएम७डीबी काढला, आणि त्याच वर्षी फोकसराइटने चौथ्या पिढीत गेन ६९ डेसिबलवर नेला.

हा बाजार खड्ड्यापेक्षा फारच मोठा झालाय. वीतभर अंतरावरून बोलणारा माणूस, एसएम५८, तिसऱ्या पिढीचा स्कार्लेट, नॉब पूर्ण: गणित केलं तर पट्टीवर सरासरी उणे २६ च्या आसपास येते आणि शिखरं त्याहून बरीच वर. एसएम७बी घेतला तर आणखी साडेचार डेसिबल खाली. दोन्ही मुद्रणं धडधडीत वापरण्याजोगी आहेत. नॉब शेवटाला टेकला म्हणजे काहीतरी बिघडलं, ही समजूत चुकीची. तो टेकण्यासाठीच तिथवर फिरतो.

"पण नॉब पूर्ण उघडला की खरखर येते ना!" येते. प्रश्न असा की ती कुणाची. कुठल्याही १५० ओहमच्या स्रोतात उष्णतेमुळेच जो किमान विद्युत-गोंगाट असतो, तो उणे १३१ डीबीयूच्या आसपास. याच्या खाली निसर्गच जाऊ देत नाही. आजच्या साध्या, चांगल्या इंटरफेसचा स्वतःचा गोंगाट उणे १२८ च्या घरात आहे. म्हणजे कमावण्यासारखं तिथे तीन डेसिबल उरलंय. आता खोलीकडे वळू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. औद्योगिक भागासाठी दिवसा ७५, रात्री ७०. भोसरीसारख्या ठिकाणी, जिथे घर आणि वर्कशॉप यांच्यामध्ये एक बोळ असतो, तिथे कुठली मर्यादा कुठे संपते हे कानांना विचारावं. पण समजा खोलीत खरोखरच रात्रीची ती आदर्श ४५ आहे. तेवढा गोंगाट एसएम५८ मधून इंटरफेसपर्यंत पोचतो तो उणे १०१ डीबीयूला. इंटरफेसच्या खरखरीपेक्षा सत्तावीस डेसिबल वर, वीसपटीहून जास्त. एसएम७बी असला तरी बावीस डेसिबल वर. ऐकू येते ती खरखर इंटरफेसची नसून पंख्याची, फ्रिजची, जिन्यातल्या पंपाची आणि महामार्गावरच्या ट्रकांची आहे. बूस्टर लावला की आवाजासोबत तीही पंचवीस डेसिबलने वर येते. जुना किंवा अगदीच स्वस्त इंटरफेस, ज्याचा गेन चाळिशीत संपतो आणि शेवटच्या टप्प्यात सुसाट फुसफुसतो, त्याच्यासाठी बूस्टरला अर्थ आहे. रिबन माइकसाठीही आहे. चाकणच्या राजगुरुनगर रस्त्यालगतच्या फ्लॅटसाठी सहसा नाही.

इथे फक्त अंतर कामाला येतं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो, आणि खोलीचा गोंगाट आहे तिथेच राहतो. एक हात अंतरावरून एका वितीवर आलं: सहा डेसिबल. वितीवरून चार बोटांवर: आणखी नऊ-साडेनऊ. एकूण पंधरा डेसिबल, फुकटात, आणि हे पंधरा खोलीच्या विरोधात मिळतात, तिच्यासोबत नाही. 'डायनॅमिक माइक बाहेरचा आवाज घेत नाही' या प्रसिद्ध समजुतीचं रहस्यही बहुतांशी इतकंच आहे. कंडेन्सर आणि डायनॅमिक एकाच अंतरावर, एकाच दिशेला ठेवून लेव्हल सारखी केली, तर ट्रक दोघांतही जवळपास तेवढाच ऐकू येतो. डायनॅमिकला लोक ओठांजवळ धरतात, कंडेन्सरला मान देऊन लांब ठेवतात, एवढाच फरक. जवळ गेल्याची किंमत आहे: खर्ज फुगतो, 'प' आणि 'भ' फटकन वाजतात. त्यासाठी माइक तोंडासमोरून किंचित बाजूला वळवायचा, पॉप फिल्टर लावायचा, आणि ८० हर्ट्झच्या खालचं छाटायचं. त्या छाटणीत जमिनीतून स्टँडमध्ये चढणारे प्रेसचे दणकेही बरेचसे निघून जातात.

गुरुवारला एक शाप आहे. महावितरणची देखभालीची कामंही बरेचदा त्याच वारी निघतात आणि ऐन अंतऱ्यात लाईट जाते. मात्र लॅपटॉप बॅटरीवर गेला की काही जणांची घूं-घूं अचानक बंद होते. मग कळतं की दोष अर्थिंगचा होता. दोन पिनांचा चार्जर, जुन्या वायरिंगमध्ये नावापुरतं असलेलं तिसरं भोक, लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर जाणवणारी झिणझिण: ही सगळी एकाच घरची माणसं. माइकचा आवाज बारीक, म्हणून नॉब उघडला; नॉब उघडला, म्हणून ५० हर्ट्झचा हम वर आला; हम आला, म्हणून नॉब परत मिटवला आणि आवाज पुन्हा बारीक. अशा घरात लेव्हलची तक्रार खरं तर अर्थिंगची असते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घेणं हा उपाय. तिसरी पिन तोडून टाकणं हा जो उपाय काही महाभाग सुचवतात, त्यात जीव जाऊ शकतो.

वाद्यवाल्यांची दुखणी थोडक्यात. गिटारचा पिझो पिकअप बॅटरीविना असेल तर त्याला दहा लाख ओहमच्या घरातलं इनपुट लागतं. इंटरफेसवर 'इन्स्ट' किंवा 'हाय-झेड' दाबलं नाही, तर आवाज बारीक आणि खर्ज गळालेला येतो. मंडपातल्या मिक्सरच्या 'रेक आउट'मधून सिग्नल घेतला, तर तो घरगुती पातळीचा, उणे १० डीबीव्हीचा असतो. व्यावसायिक अधिक ४ डीबीयूपेक्षा सुमारे बारा डेसिबल खाली. लाइनमध्ये लावून नॉब थोडा उघडला की भागतं, घाबरण्यासारखं काही नाही.

संगणकातली कारणं कंटाळवाणी आहेत, पण पाहावी लागतात. विंडोजच्या ध्वनी-सेटिंगमध्ये इनपुटची घसरपट्टी शंभरवर आहे का? कॉल चालू असताना इतर आवाज ८० टक्के कमी करायची विंडोजची मूळ सवय बंद केली आहे का? रेकॉर्डिंग ठीक असून फक्त कानात बारीक येत असेल, तर दोष हेडफोनचा: २५० ओहमचे स्टुडिओ हेडफोन छोट्या इंटरफेसला पेलत नाहीत. आवाज एकाच कानात येत असेल, तर ट्रॅक स्टिरिओ आणि माइक पहिल्या इनपुटला. ट्रॅक मोनो करायचा.

राहिली ती पडद्यावरची पट्टी आणि तिच्याबद्दलची भीती. टेपच्या काळात सिग्नल लहान ठेवला की तो टेपच्या फुसफुशीत बुडायचा. सोळा बिटांच्या काळातही थोडी काळजी घ्यावी लागे, कारण मर्यादा ९६ डेसिबलची. चोवीस बिटांची सैद्धांतिक मर्यादा १४४ डेसिबल आहे, आणि कुठलंही घर, कुठलाही माइक तिच्या जवळपास जात नाही. सरासरी उणे १८ च्या आसपास, शिखरं उणे १२ ते उणे ६ मध्ये: एवढं पुरे. उणे तीसवर मुद्रित झालेलं चोवीस बिटांचं भजन नंतर बारा डेसिबल उचललं, तर आकड्यांच्या पातळीवर काही बिघडत नाही. पट्टी लाल होईपर्यंत नेण्याच्या हट्टात मात्र तार सप्तक फाटतं आणि ते परत शिवता येत नाही. २०१९ च्या झूम एफ६ पासून ३२ बिट फ्लोटची यंत्रं आली, त्यांच्यात गेन लावण्याची चिंताच जवळजवळ उरत नाही. ट्रकचा आवाज त्यांनाही तेवढाच ऐकू येतो.

'बारीक' वाटण्याचं शेवटचं कारण तुलना. बाजारातलं गाणं मास्टरिंग होऊन आलेलं असतं. त्याच्या शेजारी कच्चं मुद्रण वाजवलं की ते दबलेलंच वाटणार. यूट्यूब उणे १४ एलयूएफएसच्या (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) वरचं खाली ओढतं, पण त्याच्या खालचं वर उचलून देत नाही, त्यामुळे शेवटची उंची घरीच गाठावी लागते. अभंगाच्या मुद्रणात इथेच एक खास अडचण येते. टाळाचा ठोका क्षणभराचा आणि धारदार असतो. त्याचं शिखर उणे तीनला जाऊन टेकतं तेव्हा गाणाऱ्याचा आवाज उणे तीसवर रेंगाळत असतो. 'नॉर्मलाइझ' दाबलं तर संगणक शिखर पाहतो, वर फक्त तीन डेसिबल जागा आहे म्हणतो आणि तेवढंच उचलतो. मग लिमिटर लावून टाळाची टोकं सहा-आठ डेसिबल खाली घ्यावी लागतात, किंवा पखवाज-टाळ वेगळ्या माइकवर घ्यावे लागतात. एकच माइक आणि एकच खोली असेल, तर गाणाऱ्याने चार बोटं पुढे यायचं आणि टाळकऱ्याने दोन हात मागे, माइकच्या पाठीकडे बसायचं.